वटवाघळाची बाजू कोण मांडणार?



मागच्या कार्यक्रमात आपण गटातल्या अंतर्गत कर्जाचा हिशोब कसा ठेवायचा, ते बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, याचा आणि बचत गटाचा काय संबंध? विषय आहे वटवाघळांचा, आणि तीसुद्धा समुद्रापलीकडच्या दोन बेटांवरच्या वटवाघळांचा. पण जरा दम धरा. बोलता बोलता आपण आपल्याच गावात, आपल्याच चिकूच्या झाडाखाली येणार आहोत.

मॉरिशसचं नाव आपल्याला परकं नाही. 1834 पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून माणसं नेली गेली, त्यांत आपल्या कोकणातली कुटुंबंही होती. त्यांची पतवंडं आज तिथे गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकतात. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. हे मुख्य बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. त्याच्या पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर त्याच देशाचं रॉड्रिग्ज नावाचं एक चिमुकलं बेट आहे. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 108 चौरस किलोमीटर.

बेटावरच्या जिवांची गोष्ट मुख्य भूमीपेक्षा वेगळी असते. आपल्याकडे एका डोंगरावरचं जंगल तुटलं तर पाखरू दुसऱ्या डोंगरावर जातं. बेटावर चारही बाजूंनी समुद्र. जाणार कुठे? शिवाय हजारो वर्षं एकटं राहिल्यामुळे तिथली कितीतरी झाडं आणि पाखरं जगात दुसरीकडे कुठे सापडतच नाहीत. तिथून गेली की कायमची गेली.

मॉरिशसच्या डोडो पक्ष्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. उडता न येणारा, टर्कीपेक्षाही मोठा पक्षी. 1598 साली डच लोकांची जहाजं तिथे लागली आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. माणसांनी मारला ते वेगळंच. जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं उतरली आणि त्यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली. पुढे उंदीर मारायला म्हणून आपल्याकडचं मुंगूस तिथे नेलं, तर ते पाखरांवर उठलं. आपली साळुंखी, आपला हिरवा पोपट, आपला शिपाई बुलबुल हे सगळे आज मॉरिशसमध्ये आहेत आणि तिथल्या मूळच्या पाखरांना जड झाले आहेत. आपल्या अंगणात जे शोभतं, ते दुसऱ्याच्या घरात नासधूस करू शकतं. मूळचं चांगलं जंगल आता तिथे शेकड्याला दोन भागसुद्धा उरलेलं नाही.

या बेटांवर जमिनीवर चालणारी मूळची सस्तन जनावरं नव्हतीच. हरीण नाही, माकड नाही, कोल्हा नाही. समुद्र ओलांडून उडत आली ती वटवाघळं तेवढी. त्यातली फळं खाणारी मोठी वटवाघळं तीन जातींची होती. एक जात एकोणिसाव्या शतकातच नाहीशी झाली. उरल्या दोन. एक मॉरिशसची काळसर आणि दुसरी रॉड्रिग्जची सोनेरी. आजची गोष्ट या दोन बहिणींची आहे. एकाच देशातल्या, एकाच कुळातल्या. पण दोघींच्या नशिबी वेगळं आलं.

आधी धाकट्या बेटाचं सांगतो. रॉड्रिग्जवर शेतीसाठी, गुरांसाठी, चुलीच्या सरपणासाठी झाडं तुटत गेली. लोक वटवाघळं मारतही. त्यात वादळं. झाडंच विरळ झालेली, त्यामुळे वादळात आसरा नाही आणि वादळानंतर खायला फळ नाही. 1970 च्या दशकात ही सोनेरी वटवाघळं शंभराच्या आत आली. सगळ्या जगात मिळून शंभराच्या आत! आपल्या एखाद्या देवळाजवळच्या वडावर याहून जास्त लटकलेली असतात.

1976 साली जेराल्ड डरेल नावाचे इंग्रज प्राणितज्ज्ञ तिथे आले. त्यांनी काही वटवाघळं पकडून जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेली आणि तिथे त्यांची वीण वाढवली. इकडे सगळी मेली तर तिकडे बियाणं राहावं म्हणून. आपण नाही का, कणगीतल्या धान्याला कीड लागली तर म्हणून पेरणीचं बी वेगळं गाडग्यात ठेवत? तसंच हे. पण मैत्रिणींनो, ते गाडगं फोडायची वेळच आली नाही. बेटावरचीच वटवाघळं हळूहळू वाढली.

कशी वाढली? झाडं लावली गेली, पाणलोटातलं जंगल राखलं गेलं, हे एक. दुसरं म्हणजे लोकांशी बोलणं झालं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही तिथली संस्था 1984 पासून काम करते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या प्राणिसंग्रहालयाच्या मदतीने 1998 पासून रॉड्रिग्जवर एक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये जाऊन सांगायचं, की हे वटवाघूळ जगात फक्त तुमच्याकडे आहे. ते फळ खातं, बी दूर नेऊन टाकतं, तिथे झाड उगवतं, झाडामुळे तुमच्या विहिरीला पाणी राहतं. ऐकणाऱ्याला उपकाराची भाषा ऐकावी लागली नाही. त्याच्याच पाण्याचा हिशोब त्याला समजला.

2016 च्या सुमाराला मोजणी झाली तेव्हा ही वटवाघळं वीस हजारांच्या आसपास भरली. शंभरातून वीस हजार, आणि वटवाघळाला वर्षाला पिल्लू होतं एकच! 2017 साली आययूसीएन या जागतिक संस्थेने रॉड्रिग्जच्या वटवाघळाला धोक्याच्या यादीत एक पायरी वर आणलं. ‘अतिसंकटग्रस्त’ होतं, ते ‘संकटग्रस्त’ झालं. संकट आहेच, पण थोडं लांब गेलं.

आता थोरल्या बेटाकडे वळू. मॉरिशसमध्ये लिची आणि आंबा ही आवडीची फळं. घराघरांच्या परसात लिचीचं झाड, आणि विकणाऱ्यांच्या बागाही. नोव्हेंबर-डिसेंबरात लिची पिकते. जंगल उरलेलं नाही, म्हटल्यावर वटवाघळं परसात येणारच. रात्री येतात, खातात, निम्मी फळं खाली पाडतात. सकाळी झाडाखाली सडा पडलेला. ज्या बाईने वर्षभर त्या झाडाकडे आशेने बघितलं, तिला राग येणार की नाही? आम्ही म्हणतो, आलाच पाहिजे. तिचा राग खोटा नव्हता.

पण त्या रागाचं पुढे काय झालं ते बघा. आधी कायद्याने या वटवाघळाला संरक्षण होतं. 2015 साली सरकारने नवा कायदा आणला आणि मूळच्या जातीचे प्राणीसुद्धा जास्त झाल्याचं ठरवून मारता येतील, अशी वाट केली. त्याच वर्षी बंदुका निघाल्या. 2015 आणि 2016 या दोन वर्षांत मिळून 38,000 हून अधिक वटवाघळं मारली गेली. 2018 मध्ये पुन्हा, 2020 मध्ये पुन्हा. आणि 2018 सालीच आययूसीएनने मॉरिशसच्या वटवाघळाला यादीत एक पायरी खाली ढकललं. ‘असुरक्षित’ होतं, ते ‘संकटग्रस्त’ झालं. म्हणजे एक वर खाली आलेली बहीण चढून वर आली, आणि त्याच सुमाराला दुसरी उतरून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

बरं, इतकी मारून लिची वाढली का? तिथल्या संशोधकांनी उत्पन्नाचे आकडे तपासले. मारल्यानंतर बागायतदारांच्या पदरात काही जास्त पडलं नाही. कारण नुकसान एकट्या वटवाघळाचं नव्हतं. वाऱ्याने पडणारी फळं, पाखरं, माकडं, आणि उंच वाढवून ठेवलेली झाडं, ज्यांच्या शेंड्याची फळं काढताच येत नाहीत. जिथे झाडावर नीट जाळी घातली तिथे मात्र नुकसान खूपच कमी झालं. सरकारने जाळ्यांना अनुदानही दिलं होतं. पण राग आधी पेटला आणि जाळी मागून आली.

तिथल्या निसर्गप्रेमी संस्था गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आकडे मांडले, सह्यांच्या मोहिमा काढल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं, सरकारच्या दारात गेल्या. हे वटवाघूळ नसेल तर आमची झाडं कोण पेरणार, हा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न नीट समजून घ्या. पूर्वी त्या बेटावर मोठी फळं गिळून बिया पसरवणारी राक्षसी कासवं होती, डोडो होता. ते गेले. आता मोठ्या बिया लांबवर नेणारं वटवाघूळच काय ते उरलंय. त्याला मारणं म्हणजे उरलेल्या जंगलाचा शेवटचा माळी काढून टाकणं.

या दोन बेटांमधला फरक आम्ही आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितला, तेव्हा एका काकींनी लगेच विचारलं, “म्हणजे रॉड्रिग्जची माणसं शहाणी आणि मॉरिशसची वाईट, असं का?” तसं मुळीच नाही. रॉड्रिग्जवर फळबागांचा व्यापार एवढा मोठा नाही, म्हणून तिथे भांडणही कमी. मॉरिशसमध्ये पोटाचा प्रश्न होता. आम्हाला यातून एवढंच कळतं, की मुक्या जिवाची बाजू मांडायची असेल तर ज्याचं नुकसान होतं त्याच्या ओटीवर आधी जाऊन बसावं लागतं. त्याचं ऐकून घ्यावं लागतं. उशीर केला, तर तो दुसऱ्या कुणाचं ऐकतो, आणि तो दुसरा बंदूक घेऊन आलेला असतो.

आता आपल्या गावात येऊ.

आमच्या भागात एका वाडीत देवळामागे जुना वड आहे. त्यावर वटवाघळांची वस्ती आहे, म्हाताऱ्या माणसांना आठवतं तेव्हापासून. गेल्या दोन वर्षांपासून बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे फटाके लावून हाकला, कुणी म्हणे फांद्याच तोडा. करोनाच्या काळापासून भीतीही वाढली. केरळात 2018 साली निपाहची साथ आली, तेव्हापासून मोबाइलवर काय काय फिरतं, ते तुम्हीही वाचलं असेल. बैठकीत विषय निघाला. आम्ही बेटांची गोष्ट सांगितली. तेव्हा आमच्याच एका गटातली वहिनी उठली. तिची चिकूची दहा झाडं आहेत. ती म्हणाली, “वटवाघळाची बाजू मांडायला तुम्ही आलात. माझ्या चिकूची बाजू कोण मांडणार?”

सभा शांत झाली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या बैठकीत सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं. तिथून पुढे बोलणं झाडाखाली आलं. चिकू झाडावर पिकू द्यायचाच नाही. तयार झाला की उतरवायचा आणि घरात गवताच्या अढीत पिकवायचा. वटवाघूळ वासावर येतं, पिकलेल्या फळावर येतं. आंब्याचंही तेच. वेळेवर झेल्याने उतरवला तर नुकसान आपोआप घटतं. झाडं फार उंच जाऊ द्यायची नाहीत, छाटणी करून आटोक्यात ठेवायची, म्हणजे शेंड्याचं फळही हाताला लागतं आणि जाळीही घालता येते. जाळी घालायची ती ताणून, जाड दोऱ्याची, दिसेल अशी. ढिली बारीक जाळी टाकली तर त्यात वटवाघूळ अडकून मरतं, पाखरं अडकतात आणि जाळीही फाटते. जाळीचा खर्च एकटीला झेपत नसेल तर गटातून कर्ज घ्यायचं, दोघी-तिघींनी मिळून एक जाळी घ्यायची. तुझा चिकू आधी, माझा आंबा नंतर. आता सांगा, वटवाघळाचा आणि बचत गटाचा संबंध आहे की नाही?

दुसऱ्या एक आजी हळूच म्हणाल्या, “त्या वडाखाली सकाळी काजूच्या बिया मिळतात, त्या कोण आणून टाकतं?” खरंच. काजूचं बोंड चोखून वटवाघूळ बी खाली टाकतं. सुपारीचंही तसंच. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांच्या बिया ते कुठल्या कुठे नेऊन टाकतं. आपल्या डोंगरावर कुणी न लावलेली जांभळं उगवतात, त्यांतल्या किती जणांचा माळी रात्री उडणारा असेल!

भीतीबद्दलही स्पष्ट बोलू. वटवाघळाने किंवा पाखराने अर्धं खाल्लेलं फळ कुणी खायचं नाही, मुलांना द्यायचं नाही. खाली पडलेल्या बिया गोळा केल्या तर हात साबणाने धुवायचे. खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलायचं नाही. वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे, तिथे कळवायचं. एवढी काळजी घेतली तर पुरे. उलट फटाके लावून वस्ती उधळली तर ती घाबरलेली वटवाघळं वाटेल तिथे, आपल्याच घरांच्या जवळ पांगतात. झाडावर शांत लटकलेलं वटवाघूळ माणसाच्या अंगावर येत नाही.

कायद्यातही आपल्या देशात एक बदल झाला आहे, तो पुष्कळांना ठाऊक नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती. म्हणजे उंदीर, घुशी, कावळे यांच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून. मारली तरी कुणी विचारणार नाही, असा त्याचा अर्थ. अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत राहिले की हे बरोबर नाही. 2022 च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच काढून टाकली. पन्नास वर्षं लागली. म्हणून आम्ही म्हणतो, बोलत राहण्याला किंमत आहे. आज बोललं आणि उद्या कायदा बदलला असं होत नाही, पण न बोलता तर कधीच बदलत नाही.

मॉरिशसच्या बायकांकडे नसेल असं एक साधन आपल्या हातात आहे. आपली महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, अशी तरतूद आपल्याकडे आहे, आणि तिथला ठराव ग्रामसभेपुढे जातो. दुसरं, 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातली झाडं, प्राणी, औषधी वनस्पती यांची लोकजैवविविधता नोंदवही या समितीने ठेवायची असते. त्या समितीतही महिलांना जागा असतात. आपल्या गावची नोंदवही कुठे आहे, त्यात काय लिहिलंय, हे आपल्यापैकी कितीजणींनी विचारलंय? त्या वहीत देवळामागचा वड आणि त्यावरची वस्ती लिहिलेली असेल, तर उद्या कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याला आधी त्या पानाला उत्तर द्यावं लागेल.

आमच्या वाडीतला वड आज उभा आहे. फटाके लावायचा विषय ग्रामसभेने पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. तो निकाली निघालेला नाही. वहिनीच्या दहा झाडांपैकी चार झाडांवर यंदा जाळी चढली. बाकीच्यांचा चिकू अढीत पिकतोय. ती अजून वटवाघळाची बाजू घेत नाही. पण “हंगाम संपेपर्यंत थांबा, बघू या किती वाचतं ते,” असं सभेत तीच म्हणाली, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. चिकू किती उतरला, किती विकला, किती वाया गेला, हे ती गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते आहे. पुढच्या ग्रामसभेत आमच्यापेक्षा तिचं ते पान जास्त बोलेल, असं आम्हाला वाटतं. ते काय बोलेल, हे आज आम्ही सांगू शकत नाही.

तर मैत्रिणींनो, या महिन्यात आपल्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या गावात वटवाघळांची वस्ती कुठल्या झाडावर आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. ज्या घराचं फळाचं नुकसान होतं, त्या घरी दोघींनी जाऊन बसा आणि आधी ऐकून घ्या, उपदेश नंतर. आणि ग्रामसेवकांना जैवविविधता नोंदवही दाखवा म्हणून सांगा. वही नसेल, तर ती कधी होणार ते महिला सभेत विचारा, आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका.

पुढच्या वेळी गटातल्या पापड-कुरडयांच्या विक्रीबद्दल बोलू. तोवर नमस्कार!